गाडीच्या पोटाखाली एकदा वाकून बघा



हंगामाआधी आपल्या कारखान्यात ओव्हरहॉलिंग चालते, ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे. मिलचे रोलर, गिअर, टेल बार, कपलिंग हे सगळे उघडायचे, मोजायचे आणि जिथे झीज दिसेल तिथे भरून किंवा बदलून पुन्हा बसवायचे. हंगाम भरात असताना एखादा शाफ्ट गेला, तर गव्हाणीपासून गेटबाहेरच्या रस्त्यापर्यंत गाड्यांची रांग लागते. म्हणून वार्षिक सभेत या खर्चाबद्दल कुणी फारसे विचारत नाही. विचारले तरी उत्तर ऐकून खाली बसतो.

पण त्याच गेटमधून रोज ऊस घेऊन जो ट्रक आत येतो, त्याच्या पोटाखालच्या शाफ्टकडे शेवटचे कुणी आणि कधी बघितले? हा प्रश्न मी विचारणार आहे, आणि तो नुसत्या वाहतूकदाराला नाही. आपल्या दारात उभ्या असलेल्या पिकअपला, जीपला, मोटारीलाही तो तितकाच लागू आहे. आधी माझीच चूक सांगतो, म्हणजे दुसऱ्याला शहाणपण शिकवायला निघालाय असे कुणी म्हणायला नको.

१९८८ सालच्या मे महिन्यात आम्ही घरची सात माणसे जुन्या जीपने वैभववाडीकडे एका लग्नाला गेलो होतो. जाताना साळवणच्या पुढे गिअर बदलून क्लच सोडला की खालून 'टक्' असा आवाज यायचा. थोरला पुतण्या म्हणाला, "तात्या, खालनं कायतरी वाजतंय." मी म्हटले, "जुनी गाडी हाय, वाजणारच." खरे सांगायचे तर तो आवाज चार महिने येत होता. आधी रिव्हर्स टाकताना, मग पुढे जातानाही. सावकाश चालवताना चिमणी चिवचिवावी तसा एक बारीक आवाज वेगळाच. मला वाटे, दाराचे बिजागर.

परतताना करूळ घाट चढत होतो. पहिल्या गिअरात एका वळणावर घण मारल्यासारखा आवाज झाला आणि पाठोपाठ पायाखालच्या पत्र्यावर दणादणा काहीतरी आपटू लागले. इंजिन मोकळे होऊन ओरडायला लागले, गाडी पुढे जायची थांबली आणि मागे सरकू लागली. पायाचा ब्रेक दाबला, थांबली. हँडब्रेक पुरता ओढला, पाय सोडला, तर गाडी पुन्हा मागे! हँडब्रेक ओढलेला, आणि गाडी मागे चाललेली. मागे वळणाचा कठडा, त्याच्या पलीकडे दरी, मागच्या बाकावर बायका-पोरं. पुन्हा ब्रेकवर पाय दिला, तो पुतण्याने खाली उडी मारून मागच्या दोन्ही चाकांना दगड लावेपर्यंत उचलला नाही. त्यानंतर तासभर माझा पाय थरथरत होता.

हँडब्रेकने दगा का दिला, ते दुसऱ्या दिवशी गॅरेजात कळले. त्या जुन्या घडणीच्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतोच. गिअरपेटीच्या मागे, जिथून शाफ्ट निघतो, तिथे त्याचा ड्रम असतो. ब्रेक शाफ्टला धरतो आणि शाफ्ट चाकांना धरतो. मधला दुवाच तुटल्यावर ब्रेकने धरायचे कुणाला? इतकी वर्षे गाडी चालवून हे मला ठाऊक नव्हते. मेस्त्रीने तुटलेला क्रॉस माझ्या तळहातावर ठेवला. चारपैकी एका टोकाची बेअरिंगची सुई औषधालाही उरली नव्हती, नुसती गंजाची लालसर भुकटी. "तात्या, ग्रीस कधी मारलं होतं?" असे त्याने विचारले. मला आठवेना. तो म्हणाला, "गाडी तुम्हास्नी चार म्हयने सांगत हुती." त्या क्रॉसची किंमत तेव्हा जीपच्या टाकीभर तेलापेक्षा कमी होती.

आता हा शाफ्ट म्हणजे नेमके काय, ते थोडे सांगतो, कारण पुष्कळ मालकांना गाडीचे मॉडेल, टायरचा नंबर, टेपचा आवाज सगळे माहीत असते आणि हेच माहीत नसते. इंजिन पुढे, चाके फिरवायची मागची. गिअरपेटी चॅसीला पक्की बांधलेली असते, पण मागचे हाउसिंग कमानपाट्यांवर असल्यामुळे सारखे वरखाली होते. म्हणजे एक टोक स्थिर आणि दुसरे टोक नाचणारे. या दोघांमध्ये ताकद न्यायची, तर सरळ दांडा चालणार नाही, तो पहिल्या खड्ड्यात मोडेल. म्हणून पोकळ पोलादी नळी घेऊन तिच्या दोन्ही टोकांना वाकणारा सांधा देतात. सांध्यात दोन बोटांचा एक काटा इकडचा, एक तिकडचा, आणि मध्ये अधिक चिन्हासारखा क्रॉस. क्रॉसच्या चारही टोकांवर टोपीसारखे कप आणि कपात सुईएवढ्या बारीक रुळांची बेअरिंग. शिवाय नळीची लांबी कमीजास्त व्हावी म्हणून एका बाजूला दातांची सरकती जोड, तिला स्लिप म्हणतात. लांब ट्रकला शाफ्टचे दोन किंवा तीन तुकडे असतात आणि त्यांना मधे टांगून धरायला रबरात बसवलेले सेंटर बेअरिंग.

या सांध्याला युरोपात कार्डन म्हणतात ते सोळाव्या शतकातल्या कार्डानो नावाच्या इटालियन विद्वानावरून, आणि इंग्रज हूकचे नाव देतात, तो सतराव्या शतकातला. म्हणजे कल्पना आपल्या शिवाजी महाराजांच्या काळातली किंवा त्याहून जुनी. पण तिची एक खोड आजही तशीच आहे. सांधा वाकलेला असताना एका बाजूचा दांडा एकसारखा फिरला, तरी दुसरा एका फेऱ्यात दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. ही चूक दुसऱ्या टोकाचा सांधा उलट करून भरून काढतो, पण केव्हा? नळीच्या दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत असतील तेव्हाच. स्लिप काढून पुन्हा बसवताना एखादा दात इकडेतिकडे झाला, की चूक भरून निघण्याऐवजी गाडी थरथरू लागते, आणि मग मालक टायर बदलतो, चाकांचे बॅलन्सिंग करतो, इंजिनाच्या रबरांना दोष देतो. पुष्कळ शाफ्टवर दोन्ही भागांवर बाणाची खूण असते. नसेल, तर उघडण्याआधी खिळ्याने किंवा रंगाने आपण करून घ्यावी. हे काम दोन मिनिटांचे आहे, आणि ते न केल्यामुळे गेलेले पैसे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेत.

तपासायचे कसे, ते आता सविस्तर सांगतो.

गाडी सपाट जागेवर घ्या. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा. इंजिन बंद, आणि किल्ली स्वतःच्या खिशात, पोराच्या हातात नव्हे. खाली शिरण्यासाठी गाडी उचलायची असेल, तर जॅकवर विसंबू नका, घोड्या लावा. जॅक घसरून माणूस गाडीखाली चिरडायला क्षण पुरतो. खड्डा किंवा रॅम्प मिळाला तर सर्वात उत्तम. गिअर न्यूट्रल करा, आणि आधी नुसते बघा. हात लावायची घाई करू नका. कपांच्या कडेला लालसर भुकटी दिसते का? ती गंजाची आहे, म्हणजे आत ग्रीस संपून पोलादावर पोलाद घासतेय. नळीला कुठे पोचा आला आहे का? शाफ्ट फार वेगाने फिरतो, त्यामुळे लहानसा पोचाही थरथर आणतो. नळीवर टोकाजवळ छोट्या लोखंडी टिकल्या डागलेल्या असतात, त्या तोल साधण्यासाठी असतात. एखादी पडल्याची जागा दिसली, तर ते मेस्त्रीच्या कानावर घाला. शेतातून आलेल्या गाडीच्या नळीवर एका बाजूला वाळलेल्या चिखलाचा थर असतो. तो खरवडून काढल्यावर 'गाडीची थरथर गेली' असे सांगणारे ड्रायव्हर मला भेटलेत. ऊस वाहणाऱ्या गाडीत याहून वाईट म्हणजे पाचट, काथ्या, बांधायची तार हे सांध्याभोवती गुंडाळून बसते आणि कपाच्या रबराला कापत राहते. विळ्याने कापून काढा.

मग हात लावा. एका हाताने सांध्याच्या एका बाजूचा काटा घट्ट धरा, दुसऱ्या हाताने शाफ्ट, आणि दोन्ही उलट दिशांना पिळा. नंतर वरखाली हलवा. चांगल्या क्रॉसमध्ये काटा आणि क्रॉस यांच्यात हालचाल जाणवताच कामा नये. इथे एक फसगत होते. शाफ्ट पिळला की मागच्या टोकाला थोडे फिरणे जाणवते, ते पुष्कळदा हाउसिंगमधल्या दातांमधले अंतर असते, आणि थोडे असायचेच. ओळखायची खूण अशी की त्यात दोन्ही काटे मिळून फिरतात. एकच काटा फिरला आणि दुसरा जागेवर राहिला, तर दोष क्रॉसचा. स्लिप हातात धरून आडवी हलवा, खडखड करत असेल तर दात झिजले. सेंटर बेअरिंगचे रबर फाटलेय का, शाफ्ट त्यात लोंबतोय का, ते बघा. शेवटी दोन्ही टोकांच्या फ्लँजच्या बोल्टांना पाना लावा. नजरेला घट्ट दिसणारा बोल्ट पाना लावला की फिरतो, हे प्रत्येक फिटरला ठाऊक असते. ढिल्या बोल्टाच्या भोवतीचा रंग घासून चकचकीत झालेला असतो.

ग्रीसबद्दल लोकांचा गैरसमज आहे की निप्पलला गन लावून चार दाब दिले की झाले. क्रॉसला एकच निप्पल आणि कप चार. चारही कपांच्या कडेने ताजे ग्रीस बाहेर येईपर्यंत मारायचे. तिन्हीकडून आले आणि एकीकडून येत नाही, तर तोच कप कोरडा आहे आणि तोच तुम्हाला घाटात उतरवणार. शाफ्ट थोडा हलवून पुन्हा मारा, तरीही येत नसेल तर क्रॉस बाहेर काढायला लागतो. काही नव्या गाड्यांच्या क्रॉसला निप्पलच नसते. त्यात ग्रीस भरता येत नाही, आवाज किंवा ढिल आली की बदलायचेच. आणि नळीला तडा गेला म्हणून गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून डाग देऊन आणू नका. डाग लागेल, तोल जाईल. आपल्या कोल्हापूरला यासाठी लांब जायला लागत नाही. म्हादबा मेस्त्रींसारखा कारागीर ज्या गावाने पाहिला, तिथे शिवाजी उद्यमनगरात आजही लेथवर बसलेला टर्नर शाफ्ट हातात घेऊनच सांगतो की हा सरळ आहे का वाकडा.

पुराचेही सांगायला पाहिजे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेच्या आणि कृष्णेच्या काठची किती वाहने दिवसेंदिवस पाण्यात राहिली, ते शिरोळ आणि करवीर तालुक्यातल्या सभासदांना वेगळे सांगायला नको. पाणी ओसरल्यावर लोकांनी इंजिन खोलले, सीट वाळवल्या, वायरिंग बदलले. शाफ्ट मात्र 'लोखंडच हाय, त्याला काय होतंय' म्हणून राहून गेला. पुराच्या पाण्यात बारीक गाळ असतो, तो कपात शिरून ग्रीस धुऊन नेतो, आणि सुया आतून गंजतात. बाहेरून काही दिसत नाही. पुढच्या हंगामात भरल्या गाडीखाली त्या तुटतात. पाण्यात गेलेल्या गाडीचे सगळे सांधे नव्या ग्रीसने भरायचे आणि हाउसिंगचे तेल काढून बघायचे. ते ताकासारखे पांढरट निघाले, तर पाणी आत गेले म्हणून समजा.

आता पुढच्या चाकांवर चालणाऱ्या मोटारी. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि हळूहळू आपल्या खेड्यातही पोहोचली. तिच्या पोटाखाली लांब शाफ्ट नाहीच. पेटीतून दोन आखूड शाफ्ट थेट पुढच्या चाकांना जातात. आजच्या बहुतेक छोट्या मोटारी याच पद्धतीच्या. इथे क्रॉसच्या जागी गोळ्यांचा सांधा असतो आणि त्यावर घड्यांचे रबरी बूट. सगळी मेख त्या रबरात. ते फाटले की आतले ग्रीस चाक फिरताना बाहेर उडते आणि तिथून धूळ-माती आत जाते. आपल्या वाटेवरची ती वाळूमिश्रित माती गोळ्यांना पॉलिशपेपरसारखी खाते. तपासणी एकदम सोपी आहे. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा, चाकामागे बॅटरी मारून बूटच्या घड्या बोटांनी उकलून बघा, मग दुसऱ्या बाजूला वळवून तेच. रिमच्या आतल्या अंगाला काळे ग्रीस शिंतडलेले दिसले, तर बूट फाटलाच म्हणून समजा. मोकळ्या जागेत पूर्ण वळवून सावकाश गोल फिरवा. 'कट् कट् कट्' वाजले तर बाहेरचा सांधा गेला. सरळ जाताना वेग वाढवला की गाडी अंग झटकल्यासारखी थरथरते, तर आतल्या सांध्याकडे बघा. वेळेवर नुसता बूट बदलला, तर काही शेकड्यांत भागते. पुढच्या दिवाळीपर्यंत थांबलात, तर अख्खा शाफ्ट आणि काही हजार.

विषय मोटारीचा आहे, पण शाफ्टचे नाव निघाले म्हणून ट्रॅक्टरच्या पीटीओबद्दल एक वाक्य तरी लिहायलाच पाहिजे. रोटाव्हेटर किंवा पाचट कुट्टीला जोडलेला शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे, म्हणजे सेकंदाला ९ फेरे घेतो. तीन इंच जाडीच्या शाफ्टचा घेर धरला, तर एका सेकंदात दोन मीटरच्या वर कापड त्याच्यावर गुंडाळले जाते. धोतराचा सोगा, टॉवेल, पदर, काय असेल ते. माणसाला 'अरे' म्हणायलाही वेळ मिळत नाही. त्यावरचे प्लॅस्टिकचे कव्हर 'ग्रीस मारायला अडचण होते' म्हणून काढून गोठ्यात टाकलेले मी चार घरी तरी पाहिलेय. ते आजच शोधून बसवा.

मूळ मुद्दा ऊस वाहतुकीचा. भरल्या ट्रकचा शाफ्ट रस्त्यात तुटला तर काय होते? पुढचे टोक तुटले तर ते खाली पडून रस्त्यात रुतते, आणि चालती गाडी त्यावरून उलथू शकते. मागचे तुटले तर लोंबता शाफ्ट सगळीकडे आपटत ब्रेकचे हवेचे पाइप तोडू शकतो. आणि कुठलाही तुटला तरी इंजिनाची चाकांवरची पकड सुटते. तवंदी घाट उतरताना खालच्या गिअरवर गाडी रोखून धरणारे इंजिन त्या क्षणी गाडीचे राहत नाही, सगळा भार ब्रेकवर पडतो. समोरून येणारा दुचाकीवाला कदाचित आपल्याच गावचा, दूध घालून घरी चाललेला असतो.

जीव वाचला तरी पैशाचे नुकसान आपलेच आहे. उसाची एफआरपी ही कारखान्याच्या गेटवर पोहोच धरलेली किंमत आहे, आणि तोडणी-वाहतुकीचा खर्च त्यातून वजा होऊन बिल आपल्या खात्यावर येते. ऊस तोडल्यापासून चोवीस तासांत गाळला जावा, असे शेती खाते वर्षानुवर्षे सांगते. गाडी रस्त्यात दोन दिवस अडकली, तर ऊस वाळून वजन घटते आणि रसातली साखरही उतरते. वजन एकट्याचे घटते, उतारा सगळ्यांचा. म्हणून 'ट्रकवाल्याचा शाफ्ट, त्याचं तो बघंल' असे म्हणणाऱ्या सभासदाशी माझे पटत नाही.

वाहतूकदाराची बाजूही मला ठाऊक आहे, माझे दोन भाऊबंद त्या धंद्यात आहेत. टोळीला उचल द्यायची, मुकादम उचल घेऊन आलाच नाही तर हंगामभर ते कर्ज फेडत बसायचे. त्यात गाडीचा हप्ता, टायर, विमा. असा माणूस वाजणारा क्रॉस 'हंगाम संपल्यावर बघू' म्हणून पुढे ढकलतो. त्याचे दुःख खरे आहे, पण म्हणून त्याला मोकळे सोडावे, असे मला वाटत नाही. आणि आपणही धुतल्या तांदळासारखे नाही. फडात उभे राहून "भर रं आणि दोन मोळ्या, परत गाडी कवा मिळंल" हे कोण म्हणते? चिटबॉयशी कोण भांडते? जादा भरलेली ती गाडी सरीतून, पाट ओलांडून, पहिल्या गिअरात उरावर ओझे घेऊन रस्त्यावर चढते, तेव्हाच शाफ्टवर सर्वात जास्त पीळ पडतो.

माझे संचालक मंडळाकडे मागणे असे आहे. वाहतुकीचा करार करताना गाडीची कागदपत्रे, विमा आणि रिफ्लेक्टर बघितले जातात, त्याच वेळी कारखान्याच्या गॅरेजमधल्या खड्ड्यावर गाडी घेऊन शाफ्ट, सांधे, सेंटर बेअरिंग आणि फ्लँजचे बोल्ट तपासावेत, आणि गाडी नंबरासह नोंद ठेवावी. संक्रांतीच्या सुमारास, हंगाम अर्धा झाल्यावर, तेच पुन्हा. प्रत्येक ट्रकच्या पुढच्या शाफ्टखाली जाड लोखंडी पट्टीचे कडे बसवावे, म्हणजे तुटला तरी रस्त्यावर पडणार नाही. हे कडे कोणत्याही लोहाराच्या भट्टीवर होते. आणि यार्डात नंबर लागेपर्यंत गाड्या तासन् तास उभ्या असतात, ड्रायव्हर खाली चादर टाकून झोपलेला असतो. त्या वेळात एक माहीतगार पोरगा ग्रीस गन घेऊन रांगेतून फिरला, तर रोज कितीतरी गाड्यांचे काम होईल. रांगेचा आपल्याला आजवर झालेला तो एकमेव उपयोग ठरेल!

यावर शेती खात्यातल्या एका जुन्या कर्मचाऱ्याने मला विचारले, "तपासणीत गाडी नापास झाली तर ऊस डोक्यावरनं आणायचा काय?" प्रश्न रास्त आहे. माझे म्हणणे, गाडी नाकारू नका, दुरुस्त करा. पंपावरचे डिझेल वाहतूकदाराला देऊन बिलातून कापले जाते, तसाच क्रॉस आणि बेअरिंग स्टोअरमधून देऊन कापून घ्यावे. क्रॉस बदलायला अर्धा दिवस पुरतो. रस्त्यात तुटला तर दोन दिवस जातात, क्रेन वेगळी. ज्याचा शाफ्ट खरोखर वाकलेला किंवा तडकलेला आहे, त्याने मात्र तो बदलल्याशिवाय यार्डात यायचे नाही, तिथे कुणाची ओळख चालू नये. संचालकाचीही नाही. हे लिहिल्यावर काही मंडळी माझ्यावर नाराज होतील, त्याला इलाज नाही.

वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर हे घ्यावे, असा अर्ज मी गट ऑफिसला दिला आहे. दरम्यान येत्या रविवारी सकाळी आमच्या दारात माझी पिकअप घोडीवर चढवलेली असेल. चांगला क्रॉस हाताला कसा लागतो आणि गेलेला कसा, हे समजावे म्हणून करूळ घाटातला तो जुना क्रॉसही मी डब्यात जपून ठेवला आहे, तोही बघायला मिळेल. ज्यांना यायचे असेल त्यांनी जुने कपडे घालून यावे, आणि शक्य असेल तर आपल्या ड्रायव्हरला बरोबर आणावे.

— एक सभासद